एक शाळा प्रायोगिक, दुसरी नियंत्रित: हा अभिकल्प टिकेल का?

संशोधिका_मराठवाडा (प्रश्न)

नमस्कार. मी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करीत आहे आणि इयत्ता आठवीच्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग घेण्याची तयारी चालू आहे. प्रश्न साधा आहे: विज्ञानाचा उतारा एकदा वाचून झाल्यावर तोच पुन्हा वाचला तर जास्त लक्षात राहतो, की पुस्तक मिटून जेवढे आठवेल तेवढे लिहून काढले तर? यामागे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला प्रयोग आहे. तो अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता. धडा पुनःपुन्हा वाचून पाठ करण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या मुलांतही तोच परिणाम दिसतो का, हे मला तपासायचे आहे.

सध्याचा अभिकल्प, म्हणजे प्रयोगाचा आराखडा, असा आहे. जिल्हा परिषदेच्या दोन शाळा घ्यायच्या, प्रत्येकीत आठवीचा सुमारे ३० जणांचा एक वर्ग. एका शाळेतली मुले लिहून काढतील, म्हणजे तो प्रायोगिक गट. दुसऱ्या शाळेतली मुले पुन्हा वाचतील, म्हणजे तो नियंत्रित गट. दोन्हीकडे त्याच आशयावर पूर्वचाचणी, उपक्रम संपल्यावर लगेच उत्तरचाचणी, आणि आठवड्याने तीच उत्तरचाचणी पुन्हा. नंतर सरासरींची तुलना टी-चाचणीने. मार्गदर्शक सरांचे मत असे आहे की पूर्वचाचणीत सार्थक (निव्वळ योगायोगाचा म्हणता येणार नाही असा) फरक आढळला नाही तर दोन्ही गट समतुल्य मानता येतात, आणि आमच्या विभागातले बहुतेक प्रबंध याच पद्धतीने झालेले आहेत.

मात्र संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत एका बाह्य तज्ज्ञांनी विचारले, "तुमच्या प्रयोगात नमुना किती आहे, ६० की २?" वेळ संपल्यामुळे चर्चा तिथेच थांबली. हा आक्षेप खरोखर एवढा गंभीर आहे का? त्याऐवजी प्रत्येक मुलाकडून दोन्ही कृती करून घेणे योग्य ठरेल का? मला जास्तीत जास्त चार शाळांची परवानगी मिळू शकते आणि हाती एकच सत्र आहे.

अंशांक

आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे सरळ उत्तर "२" हे आहे. कोणत्या उपचाराच्या, म्हणजे लिहिण्याच्या की वाचण्याच्या, वाट्याला कोण जाणार हे तुम्ही मुलामुलाचे ठरवलेले नाही, शाळेचे ठरवले आहे. त्यामुळे प्रयोगाचे एकक शाळा हे झाले, आणि प्रत्येक उपचाराला एकच एकक मिळाले. पहिल्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई चांगल्या शिकवत असतील, तिथली बरीच मुले शिकवणीला जात असतील, दुसरीकडे त्याच आठवड्यात क्रीडास्पर्धा असतील. यांतले काहीही उपचाराशी इतके घट्ट चिकटलेले असेल की कोणत्याही गणिताने ते सोडवता येणार नाही. टी-चाचणी तुम्हाला दोन शाळांमध्ये फरक आहे एवढेच सांगेल. तो फरक लिहून काढण्यामुळे पडला, हे ती सांगू शकत नाही.

पूर्वचाचणीत सार्थक फरक न सापडल्यामुळे गट समतुल्य ठरतात, ही समजूत आपल्याकडच्या प्रबंधांत फार खोल रुजलेली आहे आणि ती सोडून द्यायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. ३०-३० मुलांच्या गटांत मध्यम आकाराचा फरकसुद्धा टी-चाचणीच्या नजरेतून सहज निसटतो. फरक सापडला नाही म्हणजे फरक नाही, असे होत नाही; आणि पूर्वचाचणीतले गुण सारखे असले तरी शिक्षक, वेळापत्रक आणि घरची परिस्थिती सारखी असल्याची हमी त्यातून मिळत नाही.

आता आकड्यांत पाहू. एका वर्गातली मुले परस्परांसारखी असतात आणि हे सारखेपण वर्गांतर्गत सहसंबंधाने मोजतात. उदाहरणादाखल तो ०.१५ धरू. नमुना किती पट फुगवावा लागेल, याचे सूत्र १ + (वर्गातील संख्या − १) × सहसंबंध असे आहे. ३० जणांच्या वर्गासाठी ते १ + २९ × ०.१५ = ५.३५ येते. म्हणजे तुमची ६० मुले माहितीच्या दृष्टीने जेमतेम ११ स्वतंत्र मुलांइतकी भरतात. परिणामाचे आकारमान अर्ध्या प्रमाण विचलनाएवढे, सार्थकता स्तर ०.०५ आणि सामर्थ्य (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के धरले, तर दोन स्वतंत्र गटांसाठी प्रत्येकी ६४ म्हणजे एकूण १२८ मुले लागतात. पूर्ण वर्गच एका उपचाराला द्यायचा म्हटले की हीच संख्या सुमारे ६८५ वर, म्हणजे २३ वर्गांवर जाते. चार शाळांच्या परवानगीत हे बसणे शक्यच नाही.

तुम्ही सुचवलेला दुसरा मार्ग मात्र बसतो. प्रत्येक मुलाने एक उतारा लिहून काढायचा आणि दुसरा पुन्हा वाचायचा. कोणता उतारा कोणत्या कृतीला आणि कोणती कृती आधी, हे वर्गातल्या वर्गात यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकून, ठरवायचे. दोन उतारे आणि दोन क्रम मिळून पुस्तिकेचे चार प्रकार होतात. आता मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, आणि दोन्ही कृती प्रत्येक वर्गात होत असल्यामुळे बाईंचे शिकवणे किंवा शाळेचे वातावरण दोन्ही पारड्यांत सारखेच पडते. एकाच मुलाच्या दोन गुणांमधला सहसंबंध ०.५ धरला तर वरच्याच परिणामासाठी ३४ मुले पुरतात. परिणाम लहान, म्हणजे ०.३ असला तरी ९० मुलांत काम होते. तुमच्याकडे चार शाळांत १२० असतील, म्हणजे गैरहजेरी धरूनही हात आखडता घ्यावा लागणार नाही.

सरांपुढे हे मांडताना नवे नाव देण्याची गरज नाही. शैक्षणिक संशोधनाच्या आपल्या पुस्तकांत एकल गट, समांतर गट आणि चक्रीय गट असे तीन अभिकल्प शिकवले जातात. त्यांतल्या चक्रीय गट अभिकल्पाचेच हे काटेकोर रूप आहे.

बांधावरून

मी कृषी सांख्यिकीतला माणूस, त्यामुळे शिक्षणशास्त्रात लुडबुड केल्याबद्दल क्षमस्व. पण राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर पहिल्या वर्षीच तोंडपाठ झालेले असते. एक वाण नदीकाठच्या शेतात आणि दुसरे माळावर पेरून उत्पन्नाची तुलना करतो म्हटले, तर प्रात्यक्षिकाची वहीच परत मिळेल. जमिनीचे गट पाडायचे, प्रत्येक गटात सगळी वाणे चिठ्ठीने लावायची आणि अशा पुनरावृत्त्या घ्यायच्या, हे आमचे आरबीडी, म्हणजे यादृच्छिक गट अभिकल्प (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन). रोनाल्ड फिशर यांनी रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात ही पद्धत घडवली. तुमचा वर्ग म्हणजे आमचा गट. अंशांक यांनी सांगितले ते हेच.

मला जोर द्यायचा आहे तो चिठ्ठी कोण टाकतो यावर. १९३० मध्ये स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायर परगण्यात ६७ शाळांतल्या सुमारे २०,००० मुलांवर एक भव्य प्रयोग झाला. १०,००० मुलांना फेब्रुवारी ते जून रोज पाऊण पिंट दूध दिले, १०,००० मुलांना दिले नाही, आणि दोन्ही वेळा उंची-वजन मोजले. दूध घेणाऱ्यांतली निम्मी मुले कच्चे आणि निम्मी पाश्चरीकृत दूध पीत होती. संख्या एवढी मोठी की वरवर पाहता शंकेला जागा उरू नये. पण मुलांची निवड चिठ्ठीने किंवा आडनावांच्या अनुक्रमाने झाल्यावर, एखाद्या गटात सुदृढ किंवा अशक्त मुले फार झाली असे वाटल्यास अदलाबदल करण्याची मुभा शाळांना होती. शिक्षकही माणूसच. दुधाची गरज दिसणारे हडकुळे पोर त्याने दुधाच्या गटात सरकवले असणार. परिणामी दूध न मिळालेली मुले सुरुवातीलाच उंचीने आणि वजनाने सरस होती.

गिनेस या मद्यकारखान्यात काम करणारे विल्यम गॉसेट, म्हणजे तुमच्या टी-चाचणीचे जनक "स्टुडंट", यांनी १९३१ मध्ये या प्रयोगाची चिरफाड केली. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला विशेष आवडते. मुलांचे वजन कपड्यांसकट झाले होते. फेब्रुवारीतले जाड कपडे जूनमध्ये उतरले तेवढे वजन कमी भरले. पण गरीब मुलांकडे हिवाळ्याचे वेगळे कपडे असतीलच असे नाही, त्यामुळे त्यांचे वजन कमी घटले, आणि दुधाच्या गटात गरीब मुले जास्त असतील तर हा फायदा दुधाच्या खात्यावर जमा झाला. शिवाय कोणत्याही एका शाळेत एकाच प्रकारचे दूध दिले गेल्यामुळे कच्चे आणि पाश्चरीकृत यांची तुलना ठामपणे करता येत नव्हती. एक शाळा, एक उपचार ही चूक तेव्हापासूनची आहे. गॉसेट यांचा पर्यायी सल्ला असा होता की एकबीज जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला कच्चे आणि दुसऱ्याला पाश्चरीकृत दूध द्या. २०,००० मुलांपेक्षा त्यातून भरवशाचे उत्तर मिळेल.

तेव्हा पुस्तिका घरीच यदृच्छा क्रमाने लावून, क्रमांक टाकून, बंद पाकिटांत न्या. शाळेत वाटप हजेरीपटाच्या क्रमाने होऊ द्या. "हा हुशार आहे, याला लिहायला द्या" म्हणणारे गुरुजी तिथे नक्की भेटतील, आणि त्यांचा हेतू अगदी चांगला असेल.

शालेय_समुपदेशक

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बव्हंशी सहमत आहे, पण चक्रीय अभिकल्प इतका निर्धोक आहे असे मला वाटत नाही. क्रमाची फिरवाफिरव केल्याने क्रमाचा परिणाम कटतो, हे गृहीतक तेव्हाच खरे असते जेव्हा पहिल्या कृतीचा दुसरीवर पडणारा प्रभाव दोन्ही दिशांनी सारखा असतो. येथे तो सारखा नसेल. आधी वाचणारे मूल नंतर लिहिते, त्यात फारसे बिघडत नाही. पण ज्या मुलाने आधी पुस्तक मिटून लिहायचा प्रयत्न केला, त्याला आपल्याला किती थोडे आठवते याचा झटका बसलेला असतो. दुसरा उतारा "फक्त वाच" म्हटले तरी ते मधूनच मान वर करून मनातल्या मनात उजळणी करते. म्हणजे त्याचे वाचन हे निव्वळ वाचन राहत नाही. मानसशास्त्रज्ञ पोल्टन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत अशा विषम संक्रमणाबद्दल वारंवार सावध केले होते. त्याचा परिणाम असा की दोन कृतींमधला फरक आहे त्यापेक्षा लहान दिसेल.

यावर उपाय आहे. दोन फेऱ्यांमध्ये किमान आठवड्याचे अंतर ठेवावे, आणि विश्लेषणात केवळ पहिल्या फेरीची तुलना वेगळी द्यावी. पहिल्या फेरीत कोणावरही आधीच्या कृतीची सावली नसते. प्रत्येक वर्गातली अर्धी मुले लिहितात, अर्धी वाचतात, म्हणजे १२० मुलांत ६० विरुद्ध ६० अशी स्वच्छ तुलना मिळते. वर्गातल्या वर्गात वाटणी झालेली असल्यामुळे ५.३५ पटींचा तो भुर्दंडही येथे लागू होत नाही. दोन्ही उत्तरे एकाच दिशेची आली तर समितीपुढे तुमची बाजू भक्कम होईल.

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो आणि अद्याप कोणी तो काढलेला नाही. तुमचा उपचारच "आठवून पाहणे" हा आहे. मग पूर्वचाचणी म्हणजे काय? आठवून पाहणेच. लगेच घेतलेली उत्तरचाचणी म्हणजे काय? तेही आठवून पाहणेच. नियंत्रित गटाने लगेचच्या चाचणीत सगळे आठवून लिहिले की त्यालाही उपचार मिळाला, आणि आठवड्यानंतरच्या तुलनेत काही अर्थ उरला नाही. मोजमापानेच वर्तन बदलण्याची ही अडचण जुनी आहे. रिचर्ड सॉलोमन यांनी १९४९ मध्ये चार गटांचा अभिकल्प मांडला तो पूर्वचाचणीचा असा प्रभाव वेगळा काढता यावा म्हणूनच. तुमच्या प्रयोगात सॉलोमनचे चार गट करत बसण्यापेक्षा पूर्वचाचणी काढून टाकणे शहाणपणाचे ठरेल. यदृच्छ वाटणी असताना तिची गरज नाही. मुलांच्या आधीच्या तयारीचा हिशेब ठेवायचाच असेल तर मागच्या घटक चाचणीचे गुण शाळेकडून घ्या आणि सहचल (विश्लेषणात ज्याचा प्रभाव वजा केला जातो असा घटक) म्हणून वापरा.

मूळ प्रयोगाची रचना पुन्हा एकदा पाहिलीत तर दिसेल की त्यांनी ही काळजी घेतली होती. १२० विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने एक उतारा दोनदा वाचला आणि दुसरा वाचून लिहून काढला. म्हणजे कृती प्रत्येकात अंतर्भूत होती. पण अंतिम चाचणी ५ मिनिटांनी, २ दिवसांनी आणि आठवड्याने अशा तीन वेगवेगळ्या गटांची घेतली, कारण एकाच माणसाला तीनदा विचारले असते तर पहिल्या विचारण्यानेच पुढची उत्तरे बदलली असती. ५ मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. दोन दिवसांनी चित्र उलटले, ५४ विरुद्ध ६८. आठवड्याने ४२ विरुद्ध ५६. केवळ लगेचची चाचणी घेतली असती तर निष्कर्ष उलटा निघाला असता. म्हणून, एकच मुदत निवडायची तर आठवड्याची निवडा आणि लगेचची चाचणी अजिबात घेऊ नका.

संशोधिका_मराठवाडा

सर्वांचे मनापासून आभार. कालच सरांशी बोलले. चक्रीय गट म्हटल्यावर त्यांनी फारसा विरोध केला नाही, फक्त पूर्वचाचणीशिवाय प्रबंध कसा दिसेल याची त्यांना काळजी वाटते. घटक चाचणीच्या गुणांचा पर्याय त्यांना दाखवीन.

आता तीन शंका उरतात. दोनच उतारे पुरतील का? मुलांनी लिहिलेले तपासायचे कसे, कारण शब्दशः तपासले तर पाठांतर करणाऱ्यांनाच गुण मिळतील? आणि प्रत्येक कृतीनंतर "तुला हे किती लक्षात राहील?" अशी एक ते पाच गुणांची श्रेणी भरून घेण्याचा विचार आहे, ते योग्य आहे का?

अंशांक

शालेय_समुपदेशक यांचा विषम संक्रमणाचा आक्षेप मान्य. पहिल्या फेरीची तुलना वेगळी देण्याचा त्यांचा उपाय आराखड्यात घ्याच.

श्रेणीचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटोपते. प्रत्येक मूल दोन्ही कृतींना श्रेणी देणार असेल तर तुलना होऊ शकते. निरनिराळ्या गटांकडून घेतलेल्या श्रेणींची मात्र तुलना करू नका. मायकेल बर्नबॉम यांनी १९९९ मध्ये एका गटाला ९ ही संख्या आणि दुसऱ्या गटाला २२१ ही संख्या किती मोठी वाटते ते १ ते १० च्या श्रेणीवर विचारले, आणि ९ ला सरासरीने जास्त गुण पडले. ९ समोर आल्यावर माणूस एकअंकी संख्या मनात आणतो, २२१ समोर आल्यावर तीनअंकी. एकाच माणसाला दोन्ही विचारल्या असत्या तर असे कधीच झाले नसते.

उताऱ्यांची संख्या. दोन उतारे घेतलेत तर तुमचा निष्कर्ष त्या दोन उताऱ्यांपुरता राहतो, मुले कितीही असोत. हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ मध्ये भाषेवरच्या प्रयोगांबद्दल नेमका हाच आक्षेप घेतला होता: माणसांचा नमुना आपण काळजीने घेतो आणि शब्दांचा किंवा वाक्यांचा मात्र हाताला येईल तो. शक्य असेल तर समान लांबीचे सहा उतारे तयार करा, ते आठवीच्या पाठ्यपुस्तकातले नसावेत, आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला त्यांतले कोणतेही दोन येऊ द्या. विश्लेषणात मूल आणि उतारा या दोहोंना यदृच्छ घटक मानणारे मिश्र प्रतिमान वापरावे लागेल. टी-चाचणी तेवढ्यासाठी अपुरी आहे. उतारे आधी पाचव्या एखाद्या शाळेत मूठभर मुलांवर आजमावून बघा. सगळ्यांनाच जवळपास सगळे आठवले किंवा कोणालाच काही आठवले नाही, तर तो उतारा बाद करा.

तपासणीसाठी उताऱ्याचे कल्पना-घटक पाडतात. मूळ प्रयोगात प्रत्येक उताऱ्याचे ३० पाडले होते. समजा वाक्य असे आहे: "वटवाघूळ उडताना माणसाला ऐकू न येणारे ध्वनी सोडते आणि भक्ष्यावर आदळून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून त्याचे अंतर ओळखते." याचे चार घटक होतील: ध्वनी सोडते, तो माणसाला ऐकू येत नाही, तो भक्ष्यावर आदळून परत येतो, त्यावरून अंतर कळते. आता मुलाने लिहिले, "वटवाघूळ ओरडतं, आवाज माघारी येतो, मग त्याला किडा सापडतो." पहिल्या आणि तिसऱ्या घटकाचा गुण बिनदिक्कत द्यावा; बोलीतले शब्द किंवा शुद्धलेखन यांचा येथे संबंध नाही. दुसऱ्याला शून्य. चौथ्यावर दोन तपासनीसांचे भांडण होईल, कारण किडा सापडणे आणि अंतर ओळखणे एकच आहे का, हे उताऱ्यावरून ठरत नाही. असे निर्णय आजमावणीतल्या वह्यांवर घ्या आणि लिहून ठेवा. प्रत्यक्ष तपासणी दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि त्यांच्यातला मेळ कप्पा गुणांकाने (योगायोगाने जुळणारे वगळून एकमत मोजणारा आकडा) द्यावा. कोणत्या मुलाने कोणता उतारा कोणत्या पद्धतीने अभ्यासला, हे दोघांनाही कळता कामा नये. म्हणून अंतिम चाचणीच्या कागदावर फक्त सांकेतिक क्रमांक असावा आणि त्याची यादी तिसऱ्याच व्यक्तीकडे असावी.

दोन्ही कृतींना वेळ अगदी सारखा द्या, मिनिटाचाही फरक नको. अन्यथा लिहिणाऱ्यांना जास्त वेळ मिळाला म्हणून जास्त आठवले, असे कोणीही म्हणू शकेल. वाचणाऱ्यांचे वाचून लवकर झाले तर त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून वाचावे, अशी सूचना पुस्तिकेवरच छापा.

विश्लेषणाचा आराखडा, मुख्य तुलना कोणती आणि कोणाला वगळायचे याचे नियम, पहिल्या शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वी ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधन-नोंदणीच्या संकेतस्थळावर नोंदवून ठेवा. नोंदणी मोफत आहे आणि तारखेसह राहते. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, पालकांची लेखी संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार हे तर हवेच. वगळण्याच्या नियमांत गैरहजेरीचा विचार नीट करा. आठवड्यानंतरची चाचणी तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी आली तर वर्ग निम्मा रिकामा असेल, म्हणून चारही गावांचे बाजारवार आधी विचारून घ्या आणि वेळापत्रक त्याभोवती बसवा. ज्या मुलाची अंतिम चाचणी झालीच नाही ते दोन्ही कृतींच्या मुख्य तुलनेतून बाहेर जाईल. पण ज्याने हजर राहून कोरा कागद दिला त्याला शून्य गुण देऊन ठेवायचेच आहे, कारण त्याला काहीही आठवले नाही हेही तुमचे मोजमाप आहे.